बोरसे सरांचा रुमाल

बोरसे सरांना घाण चालत नसे. दिंडोरीच्या अलीकडच्या एका द्राक्षांच्या पॅकहाऊसमध्ये ते आम्हा बायकांना इंग्रजी शिकवायला आले, त्या पहिल्या दिवशी त्यांनी खिशातून पांढरा रुमाल काढला, खुर्ची पुसली, खुर्चीचे हात पुसले, मग रुमाल उलटा करून स्वतःचे हात पुसले आणि पुसलेली बाजू आत जाईल अशी घडी घालून तो खिशात ठेवला. मी मनात म्हटलं, काय टापटीप माणूस आहे! आमच्या घरात असा एक तरी असता. आज तो रुमाल आठवला की माझ्या तोंडाला पाणी सुटतं. ओकारीच्या आधी सुटतं ना, ते.

आठवायचं कारण माझी नात. परवा इंग्रजीची वही घेऊन शेजारी बसली होती. गाळलेल्या जागा भरा. तिनं मैत्रिणींना ‘मेनी’ऐवजी ‘मच’ लावलं आणि माझ्या तोंडून निघालं, “शी!” असं निघालं, जसं कुणी शेणात पाय दिला. पोर बघतच राहिली. म्हणाली, “आजी, मराठीत सांग ना चुकलं म्हणून. शी काय करतेस?” ती शी माझी नव्हती. ती बोरसे सरांची होती. इतक्या वर्षांनी माझ्या तोंडात बसलीय, जात नाही.

मी चौथी शिकलेली. पुढचं सगळं आपलं आपण, भेळेचे कागद आणि दुकानांच्या पाट्या वाचत वाचत. आधी सातपूरला एका वर्कशॉपमध्ये नट-बोल्ट निवडत होते, मग गुडघे गेले, उभं राहवेना, तेव्हा शेजारणीनं पॅकहाऊसचं सांगितलं. हंगामात सकाळी पिकअप यायचा, आम्हाला कोंबून न्यायचा. तिथं डोक्याला जाळी, अंगात अ‍ॅप्रन, हातात बांगडी नाही, कपाळाला टिकली नाही. कात्रीनं घडातला फुटका, सडका मणी काढायचा आणि घड डब्यात निजवायचा, बाळ निजवतात तसा. माल जायचा परदेशी. तिकडचे खरेदीदार दरवर्षी एक बाई पाठवत, सगळं नीट आहे का बघायला. ऑडिट म्हणत त्याला. ती बाई थेट कामगारांशी बोलायची. आदल्या वर्षी तिनं आमच्यातल्या एकीला इंग्रजीत काहीतरी विचारलं आणि ती बिचारी घाबरून रडायलाच लागली. मालकाचं तोंड पडलं. म्हणून त्या वर्षी पंधरा दिवस आधी बोरसे सर आणले. नाशिकच्या शाळेतून निवृत्त झालेले, पांढरा शर्ट, पांढरे केस, पांढरा रुमाल.

नव्वद बायकांतून सहा जणी निवडल्या. मी त्यात सगळ्यात म्हातारी. सगळ्यात लहान यमुना, तिथल्याच वस्तीवरची, लग्न होऊन वर्ष झालेलं, तोंडानं फटकळ. जेवणानंतर रिकाम्या पेट्यांवर आम्ही बसायचो, आणि एका मोठ्या खोक्याची कोरी बाजू हाच फळा.

आता खरं सांगते, आणि सांगताना मला बरं वाटत नाही. सर शिकवायचे फार छान. तसं कुणी शिकवलेलं मी उभ्या जन्मात पाहिलं नाही.

त्यांनी एक घड उचलला. म्हणाले, “मणी मोजता येतात? येतात. मग मेनी. रस मोजता येतो का, एक रस, दोन रस? नाही. मग मच.” झालं! एवढंच. आम्ही कात्र्या चालवता चालवता घोकायचो, मणी तेवढे मेनी, रस तेवढा मच. यमुनानं लगेच त्याचं गाणं केलं, ओवीच्या चालीवर. सर हसले नाहीत, पण रागावलेही नाहीत.

कुणी चुकलं की मात्र बघायला नको. डोळे मिटायचे, मान बाजूला करायचे, रुमाल नाकाशी. “शी, शी, शी! मच ग्रेप्स! मळमळतं हो मला.” खोटं नाही, खरंच त्यांचा चेहरा पिवळा पडायचा. आम्हाला आधी हसू यायचं. यमुना तर मुद्दाम चुकायची, सरांना मळमळवायला. डब्यातली पोळी पुढे करून मला म्हणायची, “मावशी, मच पोळीज घे की!” आणि पदर नाकाला लावून डोळे मिटायची. हुबेहूब.

एक दिवस त्यांनी ‘फ्यू’ आणि ‘अ फ्यू’ शिकवलं. नुसतं फ्यू म्हणजे जवळजवळ नाहीतच. आणि त्याच्याआधी एवढासा ‘अ’ लावला की आहेत थोडे, भागेल. न मोजता येणाऱ्याला तसंच लिटल आणि अ लिटल. मी एकदम म्हटलं, “सर, माझी आई भाकरी कमी असली तरी ‘आहे की थोडी’ म्हणायची. ‘थोडीच आहे’ असं कधी म्हणाली नाही. तेच का हे?”

सरांनी हातातला खडू खाली ठेवला. मग हळूच म्हणाले, “सुमनबाई, तुम्ही शिकायला हव्या होतात.”

तेव्हा माझं वय पंचावन्न. हे वाक्य मला कुणीही, कधीही म्हटलं नव्हतं. त्या दिवशी पिकअपमध्ये मला जागा मिळाली नाही, सातपूरपर्यंत ओणवी आले, आणि गुडघे दुखले नाहीत.

सर पाणी स्वतःच्या बाटलीतलं प्यायचे. आमच्या माठाकडे बघायचेसुद्धा नाहीत. मला पहिल्यांदा वाटलं, जातीचं असेल. आम्ही जयभीमवाले, असल्या बाटल्या पुष्कळ पाहिल्यात. पण नंतर कळलं, ते स्वतःच्या सख्ख्या भावाकडेही पाणी पीत नाहीत, चहासुद्धा कप दोनदा विसळून घेतात. म्हणजे जातीचं नव्हतं. जातीचं असतं तर मला सोपं गेलं असतं. त्या किळशीला काय उत्तर द्यायचं ते मला लहानपणापासून माहीत होतं. ह्या माणसाच्या किळशीला उत्तरच सापडेना.

आता ती गोष्ट सांगते, जी लिहिताना माझ्याच नाकात वास येतो.

नव्वद बायकांना एक संडास होता. जनरेटरच्या मागं, पत्र्याचं दार, आतून कडी नाही. एक आत गेली की दुसरी दार धरून उभी. पाण्याचं एक पिंप, ते अकरा वाजेपर्यंत रिकामं. त्याच्यानंतर आत जायचं म्हणजे काय ते तुम्हाला सांगत नाही, तुम्ही जेवून वाचत असाल. बायका मग एकच करायच्या, पाणी प्यायच्या नाहीत. सकाळी घोटभर, नंतर थेट घरी. सगळ्यांचे ओठ फुटलेले. आणि पुढच्या दाराशी दुसरा संडास होता, पांढऱ्या टाइल्सचा, बेसिनचा, आरशाचा. त्याला कुलूप. तो ऑडिटसाठी ठेवलेला. त्याच्या किल्लीला प्लास्टिकचा द्राक्षाचा घड लावलेला होता. एक किल्ली मालकाकडे. आणि दुसरी, सरांना घाण चालत नाही म्हणून, सरांकडे.

शेवटच्या आठवड्यात सरांनी प्रश्नोत्तरं घ्यायला सुरुवात केली. ती बाई काय विचारेल आणि आपण काय बोलायचं. हाऊ मेनी ब्रेक्स? वुई गेट मेनी ब्रेक्स. हाऊ मच वॉटर? वुई हॅव प्लेंटी ऑफ वॉटर. मग आलं, हाऊ मेनी टॉयलेट्स?

यमुना तडकन उठली. “मच वुमन, वन टॉयलेट!”

“शी, शी!” सरांचा रुमाल नाकाला. “मच वुमन काय? बायका मोजता येत नाहीत? मेनी विमेन. देअर आर मेनी विमेन अँड ओन्ली वन टॉयलेट.” खोक्यावर खडूनं लिहिलंसुद्धा. ‘ओन्ली’च्या खाली रेघ मारली. “असं. आता बघा कसं स्वच्छ झालं वाक्य.” आणि मग ओल्या फडक्यानं ते पुसून टाकलं. “पण हे बोलायचं नाही. तुम्ही म्हणायचं, देअर आर एनफ टॉयलेट्स. एनफ फार सुंदर शब्द आहे. मोजता येणाऱ्यालाही चालतो, न येणाऱ्यालाही. त्यात माणूस चुकूच शकत नाही.”

मी म्हटलं, “पण सर, ते खरं नाही.”

सरांनी माझ्याकडे पाहिलं, म्हणजे एखादा हुशार मुलगा अचानक नाकात खुपसलेलं बोट तोंडात घालतो ना, तेव्हा बघतात तसं. “सुमनबाई, मी भाषा शिकवायला आलोय,” म्हणाले.

यमुनाला त्या दिवसांत उन्हाळी लागली होती. लघवीला जाऊन आली की पुन्हा जावंसं वाटायचं, आणि जळजळ. ती माझ्या कानात म्हणाली, “मावशी, लय आग होती गं. त्या पत्र्यात बसवत नाय.” मी सरांकडे गेले. जितक्या मर्यादेनं विचारता येईल तितक्या मर्यादेनं विचारलं, सर, पोरीला त्रास आहे, तेवढी किल्ली द्या, पाच मिनिटं, मी स्वतः नंतर धुऊन काढते.

सरांनी खिशातून किल्ली काढली. मला वाटलं, देताहेत. त्यांनी ती रुमालानं पुसली, तो प्लास्टिकचा घडसुद्धा पुसला, एकेक मणी, आणि पुन्हा खिशात ठेवली. म्हणाले, “ऑडिटपर्यंत तो कोरा राहायला हवा. दोनच दिवस. अ लिटल पेशन्स, सुमनबाई.” आणि मान डोलावली, की बघा, ‘अ’ कसा बरोबर लागला.

दुसऱ्या दिवशी वर्ग चालू असताना यमुना पेटीवरून उठली आणि उठताउठताच थांबली. तिच्या पांढऱ्या अ‍ॅप्रनवर डाग पसरला, पायातून खाली फरशीवर आलं, थोडं पाणी आणि त्यात लाल. ती ओरडली नाही. नुसती उभी राहिली, दोन्ही हातांनी अ‍ॅप्रन धरून, शाळेत चुकलेल्या पोरीसारखी.

सर म्हणाले, “शी!”

एकदाच. रुमाल नाकाला लावला, खुर्ची मागं सरकवली, आपले बूट उचलून उचलून टाकत, ओलं टाळत, बाहेर गेले. मी आजवर पुष्कळ घाण पाहिली. बाळंतिणींची कामं केलीत, मढी धुतलीत. पण ती त्या बुटांची चाल, टाचा वर करून, ती मला अजून स्वप्नात येते आणि मी थुंकते. खरंच थुंकते.

यमुनाला घरी पोचवलं. ताप भरला होता. तिची सासू तिला डॉक्टरकडे न्यायच्या तयारीला लागली. मी निघाले तर यमुनानं माझा हात धरला. “मावशी, ती बाई आली की सांगशील ना? वाक्य तर सरांनीच करून दिलंय. आता चुकायचं नाय.” मी म्हटलं, “सांगेन. बाबासाहेबांची आण.” मी कधी आण घेत नाही. त्या दिवशी घेतली.

ऑडिट दोन दिवसांचं होतं. पहिल्या दिवशी टाइल्सच्या संडासाचं कुलूप निघालं. साबण आला, टॉवेल आला, ‘महिला’ अशी पाटी आली. ती परदेशातली बाई आली, तरुण होती, डोक्याला आमच्यासारखीच जाळी. माझ्यापाशी थांबली. हसली. हाऊ मेनी टॉयलेट्स?

सर तिच्या मागं उभे होते. त्यांचे ओठ हलत होते. आणि त्यांचे डोळे... अहो, त्या डोळ्यांत धमकी असती तर मी बोलले असते. माझा स्वभाव तसाच आहे, कुणी दटावलं की मी जास्त बोलते. पण त्यात धमकी नव्हती. त्यात होतं की, सुमनबाई, माझी सगळ्यात हुशार विद्यार्थिनी.

मी म्हणाले, “देअर आर एनफ टॉयलेट्स, मॅडम.”

अस्खलित. एक अक्षर इकडचं तिकडे नाही. सरांनी डोळे मिटले, पण ह्या खेपेला मळमळून नव्हे. बाई पुढे गेली तसे माझ्याजवळ वाकून म्हणाले, “शाब्बास.” आणि मला, काय सांगू तुम्हाला, मला आनंद झाला. एवढासाच, पण झाला. त्या आनंदाची जेवढी शिसारी मला येते तेवढी सरांचीसुद्धा येत नाही.

संध्याकाळी यमुनाकडे गेले. ती भिंतीला टेकून बसली होती. “सांगितलंस?” तिनं विचारलं. मी तिचं पांघरूण नीट करायला लागले. तिनं माझ्या तोंडाकडे बघितलं. मग सासूला म्हणाली, “आत्याबाई, मावशीला पाणी द्या. दिसभर प्यायली नसंल.”

ते पाणी मी प्याले. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

दुसऱ्या दिवशी मालकानं त्या बाईला आमचा वर्ग दाखवला. बघा, आम्ही कामगारांना इंग्रजी शिकवतो. सरांनी नवा कोरा खोका उभा केला होता. मार्कर माझ्या हातात दिला. “सुमनबाई, एखादं वाक्य लिहून दाखवा. कुठलंही. मेनी वापरून.”

इंग्रजी अक्षरं मी त्या पंधरा दिवसांत गिरवलेली, कोंबडीचे पाय. मी लिहिलं. पूर्ण लिहिलं. ‘ओन्ली’च्या खाली रेघसुद्धा मारली, सरांनी मारली होती तशीच.

आता गंमत ऐका. माणूस वाचतो तो अर्थ वाचतो. बोरसे सर इंग्रजी वाचताना अर्थ वाचत नसत, ते चूक शोधत असत. चाळीस वर्षांची सवय. त्यांची नजर पहिल्या अक्षरापासून शेवटच्यापर्यंत गेली, पुन्हा मागं आली, कुठं चूक सापडली नाही, आणि त्या बाईच्या देखत, मालकाच्या देखत, मोठ्यानं, अभिमानानं म्हणाले, “करेक्ट!”

मग त्यांना कळलं त्यांनी काय वाचलं ते.

त्या बाईनं खोक्यावरचं वाक्य ओठांत पुन्हा एकदा वाचलं. टाइल्सच्या संडासाकडे बोट दाखवून तिनं मला विचारलं, हा कधी उघडला? माझं इंग्रजी तिथं संपलं. मी हातानं दाखवलं, काल. मग म्हटलं, “कम,” आणि तिला जनरेटरच्या मागं घेऊन गेले. पत्र्याचं दार मी धरलं. ती आत डोकावली आणि हाताचा पंजा तोंडावर दाबून बाहेर आली. तिनं रुमाल शोधला नाही. तिथंच भिंतीला हात टेकून उभी राहिली आणि मोबाइलवर फोटो काढले, सगळे, आतले, पिंपाचे, नसलेल्या कडीचे.

मागं बघितलं तर सर आमच्याबरोबर आलेच नव्हते. पंधरा दिवस ते त्या इमारतीत होते, पण जनरेटरच्या मागं ते एकदाही आले नाहीत.

पुढच्या हंगामात माझ्या दारी पिकअप थांबला नाही. यमुना मात्र अजून तिथंच आहे, तिला दोन मुलं आहेत. ती सांगते, आता चार संडास आहेत, कडीचे. पाणी दुपारपर्यंत पुरतं. दुपारनंतर नाही.

सरांना मी शेवटचं पाहिलं ते त्याच दुसऱ्या दिवशी, फाटकाशी. मी पिकअपची वाट बघत उभी होते. ते स्कूटर ढकलत आले, पायाशी मागच्या आठवड्यासारखीच द्राक्षांची एक पेटी, परदेशी जाणाऱ्या मालातली. टाइल्सच्या संडासाला पुन्हा कुलूप लावून सरांची किल्ली काढून घेतली होती बहुतेक, कारण ते अवघडल्यासारखे पाय जुळवून चालत होते. माझ्यासमोर थांबले. मला वाटलं, आता शिव्या देतील. मी तयार होते. मीही पुष्कळ साठवून ठेवल्या होत्या.

त्यांनी रुमाल काढला, बोटाला मार्करची काळी शाई लागली होती ती पुसायला लागले. शाई निघेना. पुसता पुसता, माझ्याकडे न बघता म्हणाले, “अक्षर फार घाण आहे तुमचं, सुमनबाई.”

आणि गेले.

त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी, पिकअप यायच्या आधी, घरातली कामं टाकून मी नातवंडांची जुनी दुरेघी वही शोधून काढली आणि ते वाक्य दहा वेळा लिहिलं. सातव्यापासून पुढं अक्षर सुधारलं. दहावं तर इतकं सुरेख आलं की मला वाटलं, हे सरांना दाखवावं. मग मी ते पान फाडलं, मोरीत गेले आणि हात धुतले, साबण लावून, दोनदा.